कापूस चिकटवलेलं भूत

ऑक्टोबर उजाडला की इथे अमेरिकेत गावोगावच्या सार्वजनिक लायब्रऱ्यांमधला मुलांचा विभाग ओळखू येईनासा होतो. काउंटरवर भोपळे, छताला काळ्या कागदाची वटवाघळं, कोपऱ्यात कापूस ताणून केलेलं कोळ्याचं जाळं आणि दाराशी एक पाटी: प्रीस्कूल स्टोरीटाइम, हॅलोविन स्पेशल, वय वर्षे तीन ते पाच, गोष्टींनंतर क्राफ्ट. सगळं चकटफू. आणि चकटफू म्हटल्यावर आपण देसी आईबाप शनिवारी सकाळी तिथे हजर असणारच, नाही का? :-)

हजर असतो, पण कुरकुरत. गेल्या काही वर्षांत पॉटलकांमध्ये आणि व्हॉट्सॅपवर मी ही कुरकुर इतक्यांदा ऐकली आहे की तिचे दोन प्रकार आता मला पाठ झालेत. पहिला प्रकार: "दिवाळी तोंडावर आलीये आणि आपण पोरांना भुतंखेतं कसली दाखवतोय?" दुसरा प्रकार जास्त आमच्या धंद्यातला, म्हणजे इंजिनियर लोकांचा: "ठीक आहे रे, मजा येते, पण यातून मूल शिकतं काय? अर्ध्या तासात निदान दहा नवीन शब्द तरी?" (हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतः रोज दीड तास स्टेटस मीटिंगमध्ये बसतो, तिथे तो असं काही विचारत नाही. असो.)

माझं मत सांगायचं तर हॅलोविनचा स्टोरीटाइम ही लहान मुलांसाठी वर्षभरातल्या सगळ्यात कामाच्या गोष्टींपैकी एक आहे, आणि ती कामाची आहे ती त्यातल्या भुतांमुळेच. फुकट जातो तो त्यानंतरचा क्राफ्टचा भाग. आपण मात्र घरी येताना क्राफ्ट मिरवत आणतो आणि गोष्ट विसरून जातो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लायब्ररियन बाई (बहुतेक वेळा बाईच असतात) गालिच्यावर मुलांना समोर बसवून घेतात. आधी नमस्काराचं गाणं, मग दोन-तीन पुस्तकं, मधे मधे बोटांची गाणी आणि फ्लॅनेलच्या फळ्यावर चिकटवायची चित्रं. अर्ध्या तासात कारभार आटोपतो. मग टेबलांवर कागद, गोंद, कापूस. हे सगळं सहज चालल्यासारखं दिसतं, पण त्यामागे बराच विचार आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या दोन विभागांनी २००४ साली 'एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड' नावाचा कार्यक्रम सुरू केला आणि २०११ मध्ये तो सुधारून पाच साध्या कामांवर आणून ठेवला: मुलाशी बोलणं, गाणं, वाचणं, लिहिणं आणि खेळणं. आणि यातला खरा विद्यार्थी मागच्या खुर्चीत बसलेला पालक आहे. लायब्ररियन अर्धा तास करून दाखवते, उरलेला आठवडाभर ते तुम्ही घरी करायचं. मागच्या खुर्च्यांमधले आपण त्या वेळी काय करत असतो ते मी लिहायला नको. अंगठा वर, अंगठा खाली.

आता भुतांकडे येऊ.

एड एम्बर्ली यांचं 'गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!' हे १९९२ सालचं पुस्तक. त्याच्या पानांना भोकं पाडलेली आहेत. पहिल्या पानावर दोन पिवळे डोळे, पुढच्या पानाला नाक, मग तोंड, दात, कान, केस, असा एक हिरवा राक्षस पानापानाने जमत जातो. पुस्तकाच्या मध्यावर तो पूर्ण होतो आणि तिथून पुढे उलटा प्रवास. मुलांनी आज्ञा द्यायची आणि एकेक अवयव नाहीसा व्हायचा, शेवटी काळं पान. परत यायचं असेल तर त्याची परवानगीही मुलाकडूनच घ्यायची. आमच्या भाषेत हे पुस्तक म्हणजे अन्डू बटण आहे. राक्षस आख्खा समोर आणून दाखवायचा, त्याचे सुटे भाग मोजायचे आणि मग एकेक क्रमाने परत घ्यायचा. पंधरा-वीस पोरं एका सुरात ओरडून राक्षसाचे कान घालवत असतात तेव्हा त्या खोलीत जे काही चाललेलं असतं त्याला 'मजा' हा शब्द कमी पडतो.

आमच्या लेकीला चौथ्या वर्षी बाथरूममधल्या एक्झॉस्ट फॅनची भीती वाटायची. या पुस्तकानंतर चार-पाच दिवसांनी ती बाथरूमच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती आणि फॅनला मराठीत हुकूम सोडत होती. आधी त्याचे डोळे घालवले, मग नाक, मग दात. फॅनला डोळे नसतात हे तिला चांगलं माहीत होतं, मी विचारल्यावर तिने मला तसं सांगितलंही, "बाबा, फॅनला डोळे कुठे असतात?" अशा सुरात. तरी आधी डोळेच घालवले.

माहीत असणं आणि भीती न वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यावर एक फार सुंदर प्रयोग झालेला आहे. पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली तो प्रसिद्ध केला. लहान मुलांना रिकामी खोकी दाखवली, ती रिकामी आहेत याची खात्री करून दिली आणि मग सांगितलं की आता कल्पना करा, यात एक प्राणी आहे. मुलं स्वच्छ सांगत होती की हे खोटं-खोटं आहे. पण संशोधक खोलीबाहेर गेल्यावर बरीच मुलं हळूच खोकं उघडून बघून आली. न जाणो, असलाच तर! मोठी माणसं हसतील, पण रात्री दोन वाजता किचनमध्ये भांडं पडलं की आपणही जाऊन बघतोच ना.

म्हणून "बाळा, भूत वगैरे काही नसतं" हे वाक्य फारसं कामाचं नाही. मुलाला ते ठाऊकच असतं. त्याला हवी असते ती खोकं उघडून बघायची सोय, तीही बाबाच्या मांडीवर बसून, दिवसाढवळ्या, वीस मित्रांच्या सोबतीने. स्टोरीटाइम ही ती सोय आहे.

लिंडा विल्यम्स यांचं १९८६ सालचं एक पुस्तक दर ऑक्टोबरला हमखास वाचलं जातं. त्यात एक म्हातारी रात्री जंगलातून घरी निघाली आहे. वाटेत तिला आधी नुसते बूट भेटतात, मग नुसती पँट, मग शर्ट, हातमोजे, टोपी, आणि शेवटी भोपळ्याचं डोकं. प्रत्येक जण आपापला आवाज किंवा हालचाल करत तिच्या मागे लागतो. आवाज-हालचाली मुलांनी करायच्या, त्यामुळे पोरं पाय आपटतात, अंग हलवतात, टाळ्या वाजवतात, आणि प्रत्येक नव्या पाहुण्यागणिक ही साखळी पहिल्यापासून म्हणायची. स्मरणशक्ती, क्रम, नवीन क्रियापदं, सगळं त्यात आलं (ते दहा शब्दवाले मित्र, घ्या मोजून). मला त्यातली खरी खुबी वाटते ती शेवटाची. म्हातारी त्या सगळ्यांना पळवून लावत नाही. ती त्यांना काम देते. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट, पँट, शर्ट आणि भोपळा मिळून तिच्या बागेत बुजगावणं उभं असतं. भीतीला पगारावर ठेवण्याची याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही.

आता याच्या शेजारी आपला बागुलबुवा ठेवून बघा. "झोप, नाहीतर बुवा येईल." "जेव, नाहीतर त्या गोणीवाल्याला देऊन टाकीन." आपल्याकडे भूत मोठ्यांच्या ताब्यात असतं. त्याचं स्विच आईच्या किंवा आजीच्या हातात आणि मुलाने नुसतं घाबरायचं. पुस्तकातलं भूत मुलाच्या ताब्यात येतं, पान उलटणारा हात त्याचा असतो. ज्यांना हॅलोविनमध्ये संस्कृतीवरचं संकट दिसतं त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी जेवण भरवताना बुवा सर्रास येतो, म्हणून हा विषय काढला.

भीतीवरून मोठी माणसं किती गोंधळतात याचा एक किस्सा सांगतो. मॉरिस सेंडॅक यांचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' १९६३ साली आलं, दुसऱ्या वर्षी त्याला कॅल्डेकॉट पदक मिळालं. सेंडॅक यांना खरं तर घोड्यांचं पुस्तक करायचं होतं, पण घोडे काढता येईनात म्हणून त्यांनी राक्षस काढले. आणि त्या राक्षसांचे चेहरे म्हणे लहानपणी घरी येऊन गाल ओढणाऱ्या काका-मावश्यांचे! (आपल्यापैकी कोणाला हे समजावून सांगायची गरज नाही.) या पुस्तकावर मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६९ साली एका मासिकातल्या सदरात टीका केली, तीही पुस्तक न वाचता. पुढे १९७६ मध्ये त्याच बेटलहाइम यांनी मुलांना भीतिदायक परीकथा का हव्यात यावर आख्खा ग्रंथ लिहिला आणि तो गाजला. तेव्हा पॉटलकमधल्या काकूंना मी फार बोल लावत नाही.

पण एका बाबतीत त्या काकूंचं म्हणणं बरोबर आहे. पुस्तकातलं भूत आणि खोलीत उभं असलेलं भूत यात फरक आहे. ऱ्हीटा डेव्रीज यांनी १९६९ साली मेनार्ड नावाच्या एका शांत मांजरावर प्रयोग केला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आधी मांजर दाखवलं, हात लावू दिला. मग त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला, आणि तोही असा की मांजराचा मागचा भाग मुलांना सतत दिसत राहील. तीन वर्षांच्या अनेक मुलांच्या मते ते आता कुत्रंच झालं होतं. सहा वर्षांच्या मुलांना बहुतांशी कळत होतं की हे मुखवट्यातलं मांजर आहे. म्हणजे गालिच्यावर शेजारी शेजारी बसलेल्या मुलांची जगं वेगळी असतात. त्यामुळे कोणी उत्साही काका रबरी मुखवटा घालून दारातून "भॉ" करत येणार असतील तर त्यांना बाहेरच थांबवावं, आणि स्वतः चेटकीण झालेल्या लायब्ररियन बाईंनी टोपी मुलांसमोर घालावी, मुलांसमोर काढावी, मुलांना घालून बघू द्यावी. चांगल्या लायब्ररियन तसंच करतात.

दुसरी एक गोष्ट. काही कुटुंबं धार्मिक कारणाने हॅलोविन पाळत नाहीत. यावर तोडगा म्हणून काही ठिकाणी भुतं गाळून 'शरद ऋतूचा स्टोरीटाइम' करतात, म्हणजे पानं, खारी आणि सफरचंद. मला हा तोडगा पटत नाही. लायब्ररीने आधी पाटी लावावी, ज्यांना नको ते त्या दिवशी येणार नाहीत, पुढच्या आठवड्यात खारी आहेतच. प्रीस्कूलचं गणित मात्र वेगळं. तिथून चार वर्षांचं मूल उठून घरी जाऊ शकत नाही, त्यामुळे तिथे आधी घरच्यांना विचारायलाच हवं.

बरं, आता क्राफ्ट.

टेबलावर काय असतं? नारिंगी कागदाचा आधीच कापलेला गोल. काळ्या कागदाचे आधीच कापलेले तीन त्रिकोण. हिरवा देठ, तोही कापलेला. मधोमध एक तयार नमुना, "असं करायचं". मूल तीन त्रिकोण चिकटवतं, त्यातला एक तिरका बसतो, मग आई हळूच तो सरळ करते. पंधरा मिनिटांत वीस एकसारखे भोपळे. भुताचं तसंच: काळ्या कागदावर भुताचा छापील आकार, त्यात कापसाचे गोळे चिकटवा. पिंटरेस्ट २०१० साली सुरू झालं तेव्हापासून या प्रकाराला भलताच ऊत आलाय. हे क्राफ्ट म्हणजे कोणीतरी लिहून ठेवलेल्या टेम्प्लेटमध्ये तीन व्हेरिएबल भरण्याचं काम आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ते केलंय, त्यातून कोणी प्रोग्रामर होत नाही.

मुद्दा नुसता कल्पकतेचा नाही, हाताचा आहे. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला कात्रीने सरळ रेषेवर कापता येत नाही, त्याला कागदाच्या कडेला बारीक बारीक कट मारता येतात, आणि ते त्याला तासभर मारायचे असतात. कागद फाडताना दोन्ही हातांची बोटं एकमेकांविरुद्ध दिशेला चालवावी लागतात, पुढे पेन्सिल धरायला लागणारी ताकद तिथे तयार होते. गोंद किती पिळला की कागद भिजून फाटतो हे स्वतः एकदा फाडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे कापणं, फाडणं आणि सांडणं हाच अभ्यास होता, आणि तो बाईंनी आदल्या रात्री घरी बसून मुलांच्या वतीने पूर्ण केला! बिचाऱ्यांचा यात दोष नाही. एक खोली, एक तास, वीस मुलं आणि आपल्यासारखे पालक. आपल्याला फ्रिजवर लावायला भोपळ्यासारखा दिसणारा भोपळा हवा असतो. नारिंगी चिंध्यांचा चिखल घेऊन मूल बाहेर आलं तर "आज काहीच केलं नाही का?" असं आपणच विचारतो.

आपल्याला हे नवीन असायला नको होतं. दिवाळीचा किल्ला आठवा. कोणी आधी कापून ठेवलेला बुरूज आणून देत नव्हतं. माती कुठून चोरायची इथपासून सुरुवात. खाली विटा की पोतं यावर भांडण, गेरूने माखलेले हात, अळीव पेरून रोज सकाळी उगवलंय का बघणं, आणि शेवटी मावळे गडाच्या दरवाज्यापेक्षा दुप्पट उंच. तो किल्ला कोणत्याही खऱ्या किल्ल्यासारखा दिसत नसे. त्या किल्ल्यावर वाढलेली माणसं आज परदेशात आपल्या मुलाचा तिरका त्रिकोण सरळ करताना बघितली की गंमत वाटते.

मग काय करावं? कागदाच्या भोपळ्याऐवजी खरा भोपळा द्या. एकच पुरे. मोठ्याने वरची टोपी कापून द्यावी आणि आतला कारभार मुलांकडे सोपवावा. गर हाताला बुळबुळीत लागतो, निम्मी मुलं किंचाळतात, दोन मुलं हात लावायला तयारच होत नाहीत आणि दहा मिनिटांनी तीच सगळ्यात जास्त बरबटलेली असतात. बिया मोजा, धुवा, मिठात भाजा. कापायच्या आधी टबात सोडून बघा. एवढं ते जड धूड बुडणार अशी सगळ्यांची खात्री असते, आणि ते आरामात तरंगतं, आत पोकळी असते ना. कोरून झाला की बाहेर ठेवा आणि रोज एकदा बघून या. तोंड सुरकुततं, मग बुरशी येते, मग नाक आत जातं. कुठल्याही विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा हे चांगलं आहे आणि भुतासारखंही दिसतं. (आयर्लंडमध्ये पूर्वी यासाठी सलगम कोरत. तिथून लोक अमेरिकेत आले आणि त्यांना भोपळा सापडला. सलगम कोरून बघा एकदा, स्थलांतराचे फायदे कळतील.)

आणि भोपळा म्हटल्यावर आपल्याकडे काय आहे? म्हातारी लेकीकडे निघाली आहे, वाटेत वाघ-कोल्हा आडवे येतात, ती त्यांना परतीचा वायदा करून सुटते, लेकीकडे तूप-रोटी खाऊन गुटगुटीत होते आणि भोपळ्यात बसून त्यांच्यासमोरून निघून येते. एकटं माणूस, जंगल, खाऊन टाकण्याची धमकी, भोपळा, युक्ती. हॅलोविन स्टोरीटाइमला लागणारं सगळं सामान या एका गोष्टीत आहे, आणि आपण ते घेऊन या देशात आलो आहोत.

मागच्या वर्षी आमच्या मराठी शाळेत एका आईने ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हीच गोष्ट सांगितली. मुलं इथेच जन्मलेली, मराठी निम्मं कळतं. वाघाला पाहून कोणी घाबरलं नाही, फोनवर पाहिलेले असतात. पण म्हातारी भोपळ्यात शिरली तेव्हा एका पाच वर्षांच्या मुलाने हात वर केला आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "तिने आतलं गू कुठे टाकलं?" वर्ग सुन्न. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की तो इंग्रजीतलं 'गू' म्हणतोय, म्हणजे तो चिकट गर. आदल्या दिवशी घरी त्याने भोपळा कोरला होता. :-) सांगणाऱ्या बाई हुशार, त्यांनी प्रश्न परत मुलांकडेच टाकला: "कुठे टाकला असेल?" पुढची दहा मिनिटं गोष्ट बाजूला राहिली. लेकीने त्याची भाजी केली. घारगे केले. म्हातारीने तो वाघाच्या तोंडावर फेकला. एक मुलगी म्हणाली, टाकला नाहीच, म्हातारी त्यातच बसली, म्हणून भोपळा घसरत घसरत जोरात गेला.

पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट ऐकणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हा प्रश्न पडला होता? ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं की वाचताना मुलाला प्रश्न विचारला, त्याचं उत्तर उचलून थोडं वाढवून परत दिलं, तर मुलाची भाषा नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा जास्त वेगाने वाढते. त्या बाईंनी हा अभ्यास वाचला असेल असं मला वाटत नाही. त्यांना फक्त गोष्ट संपवायची घाई नव्हती.

पुण्या-मुंबईच्या काही शाळांत हल्ली ३१ ऑक्टोबरला पोरांना चेटकीण-व्हँपायर करून फोटो काढतात, आणि मग दरवर्षी त्यावर तेच भांडण होतं. माझा आक्षेप निराळा आहे. उचलायचंच होतं तर वेष का उचलला? गालिचा उचलायचा, अर्धा तास उचलायचा, मोठ्याने वाचणारी बाई उचलायची. अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून अमेरिकेत सोळाशेहून जास्त लायब्ररी इमारती उभ्या राहिल्या, ते आपल्याला नाही जमणार, पण सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सतरंजी टाकायला कार्नेगी लागत नाहीत. पुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांची आहेत, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रमय पुस्तकं आहेत, प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मराठी गोष्टी फुकट आहेत. भूत कोणतंही चालेल. मुंजा चालेल, हडळ चालेल, फक्त पान मुलाला उलटू द्या.

इथल्या मंडळींसाठी एक व्यावहारिक सूचना. वर सांगितलेली पुस्तकं ऑक्टोबरमध्ये मागून मिळत नाहीत, सगळ्या प्रती बाहेर गेलेल्या असतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होल्ड टाकून ठेवा. एम्बर्लींचं पुस्तक हातात आलं की भोकांच्या कडा तपासा. आमच्या लायब्ररीतल्या प्रतीचा एक कान कोणीतरी कायमचा घालवला आहे.